दुर्बिणीच्या खोक्यातल्या विटा

एका शिक्षणसंस्थेच्या सचिवाने सातपुड्यातल्या नववीच्या मुलांना फसवलं. दुर्बीण बक्षीस देतो म्हणाला, स्टेजवर सीलबंद खोकं हातात दिलं, फोटो काढून घेतले, आणि खोक्यात विटा निघाल्या. फसली ती मुलं. त्यांच्याबरोबर मीही फसले, पण मला त्याचं एवढं वाटत नाही. धंद्यात मी पुष्कळदा फसले आहे आणि पुष्कळदा वसूलही केलं आहे. राग याचा आहे की ते खोकं मुलांच्या हातात ठेवताना माइकवर बोलत होते मी.

नंदुरबार जिल्ह्यात तुम्ही गेला नसाल, मीही या डिसेंबरपर्यंत गेले नव्हते. तिथे काय पाहिलं, काय खाल्लं ते सांगणारच आहे. पण हे प्रवासवर्णन मी ज्या कारणासाठी लिहिते आहे ते आधी सांगून टाकलेलं बरं.

सारंगखेडा

मी सांगलीची. वडील हळदपेठेत हमाल होते. त्या काळी हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात एका फडक्याखाली, बोटं दाबून भाव ठरायचा, बाहेर उभ्या माणसाला काही कळायचं नाही. बोटांची ती भाषा मी लहानपणीच उचलली. वडील पोतं नुसतं हलवून वजन सांगायचे, तीही खोड माझ्या हाताला लागली. दहावीनंतर शाळा सुटली. जत्रांत खेळणी विकली, मग शाळांना लागणारी विज्ञानाची साधनं बनवायला लागले. आज माझी स्वतःची शेड आहे, टेंपो आहे, आणि तो मीच चालवते.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी ठेला लावला तो हौसेने. तापीच्या काठावर दूरपर्यंत घोडेच घोडे. पांढरे, काळे, अंगावर ठिपके असलेले, गळ्यात घुंगरं बांधलेले. आमच्याकडच्या जत्रेत पाळणे आणि भेंडबत्तासे असतात. इथे माणसं घोड्याच्या जबड्यात हात घालून दात बघतात आणि तासन् तास त्याच्याभोवती फिरतात. अशा ठिकाणी मी माझी चादर ताणून बसले होते.

चादर म्हणजे मोठ्या लोखंडी कड्यावर ताणलेलं लवचीक कापड. मधोमध जड गोळा ठेवला की कापड खाली दबतं. मग कडेने गोटी सोडली की ती सरळ न जाता त्या खड्ड्याभोवती फेऱ्या मारते. सूर्याभोवती ग्रह कसे फिरतात हे पोरांना दाखवायची ही सोपी युक्ती आहे. एक घोडेवाला बराच वेळ बघत उभा राहिला आणि अहिराणीत म्हणाला,

"ताई, हाई काय घोडा फिराडानी जागा शे का?"

"तसंच समजा. पण इथे लगाम कुणी धरत नाही."

"मंग घोडा पळी कसा जात नही?"

हाच तो प्रश्न. वर्गात पुस्तकं वाचून जो कुणी विचारत नाही, तो घोडेवाल्याने उभ्या उभ्या विचारला. मी खूश झाले आणि त्याला चहा पाजला.

त्याच गर्दीत सचिव आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागे संस्थेची चारपाच माणसं. आप्पा माझ्याशी शुद्ध मराठीत बोलत आणि आपल्या माणसांशी अहिराणीत. त्यांना एका देणगीदारासाठी कार्यक्रम हवा होता: हायस्कूलच्या मुलांना विश्व आणि गुरुत्वाकर्षण. देणगीदाराने एक चांगली दुर्बीण दिली होती. मी शिकवायचं, त्यांनी फोटो पाठवायचे.

मी म्हटलं, "मला मानधन नको. डिझेल आणि जेवण द्या. पण सगळ्यांत चांगला प्रश्न ज्या शाळेची मुलं विचारतील, दुर्बीण त्या शाळेची. कायमची. कपाटात नाही, मुलांच्या हातात."

आप्पा हसले. त्यांची माणसं बघत होती, म्हणून हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. मी म्हटलं, "चारचौघांत बोलायचं नसेल तर रुमाल काढा. घोड्यांच्या बाजारात उभे आहोत."

शेजारी रज्जाकचाचा बसले होते. घोड्यांचे जुने दलाल, मेंदी लावलेली दाढी. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बेटी, इधर औरतजात का हात रुमाल के नीचे आया नहीं कभी."

"मग आज येईल."

आप्पांच्या माणसांना गंमत वाटली. "आप्पा, घाबरी गयात का?" एकजण म्हणाला. मग आप्पांना हात पुढे करावाच लागला. चाचांनी खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला. माझी बोटं शाळांची आणि त्यांचं बोट दुर्बिणीचं, असं मी चाचांना मोठ्याने सांगून ठेवलं होतं. आप्पा शाळा वाढवत गेले, मी कमी करत गेले. शेवटी पाचावर आले. मग मी त्यांची तर्जनी पकडली आणि तिने माझ्या तळव्यावर दोनदा दाबून होकार देईपर्यंत सोडली नाही. दाब आला. चाचांनी रुमाल उचलला.

"रुमालखालनी बात रुमालखालच. पन फिरानं नही," चाचा आप्पांना म्हणाले.

सांगलीच्या पेठेत असा सौदा मोडणाऱ्याशी दुसऱ्या दिवशी कुणी व्यवहार करत नाही. म्हणून तिथे कागद लागत नाही. आप्पा पेठेतले नाहीत आणि घोड्यांचेही व्यापारी नाहीत, हे मी त्या वेळी लक्षात घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात जाऊन मी दुर्बीण तपासली. माल बघितल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही. लांबच्या पाण्याच्या टाकीवर धरली तर टाकीवरचं कबुतर नजरेसमोर आलं. तिच्या तिवईचा एक स्क्रू सैल होता. मी टेंपोतून तांब्याची तार आणून तो पक्का केला. ही तार विसरू नका.

धानोरा

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात. मैदानंच्या मैदानं लाल मिरची वाळत घातलेली, आणि तोंडाला फडकं बांधलेल्या बाया ती निवडत असतात. रंग बघून मी टेंपो थांबवला आणि पुढचा सगळा रस्ता शिंकत राहिले. त्या बायांना काहीच होत नव्हतं. उलट त्या माझ्यावर हसत होत्या.

शिंकेच्या भरात धानोऱ्याजवळच्या गतिरोधकावर टेंपो जोरात आदळला आणि माझी गोट्यांची पिशवी फुटली. पोलादी गोट्या मागच्या फळीतून उतारावर घरंगळत गेल्या. शाळेच्या फाटकाशी असलेल्या मुलांनी त्या धावत धावत गोळा केल्या. मी त्याच गोट्यांपासून सुरुवात केली. खाली का गेल्या? मुलांनी पाठ केलेलं उत्तर एका सुरात दिलं. व्याख्या बरोबर होती आणि तिचा काही उपयोग नव्हता.

"मग चंद्र का पडत नाही?" मी विचारलं.

मी एका मुलाला म्हटलं, "घरी आईला सांगतोस तसं सांग."

तो सरांकडे बघत उठला आणि घाबरत म्हणाला, "चांद बी पडी ऱ्हायना. पन तो बाजूले बी सरकी ऱ्हायना. म्हनीसन पडाले जमीनच नही भेटत त्याले."

याहून सोपं मी कधी ऐकलं नव्हतं. चंद्र सतत पडतोच आहे, पण बाजूला इतक्या वेगाने सरकतो आहे की पृथ्वी त्याच्याखालून वळत जाते. मी टाळी वाजवणार तेवढ्यात सर ओरडले, "शुद्ध बोल!" मुलगा खाली बसला.

माझं डोकं फिरलं. "सर, तो आकाशाचं बोलतोय, तुम्ही व्याकरणाचं काय काढलंत?" सरांचा चेहरा पडला. दुपारी त्यांच्याच घरी शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, आणि ती भाजी इतकी तिखट होती की सरांनी सूड घेतला असावा. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अजून वाढू का ताई?" मी हो म्हटलं. माघार घेणं मला जमत नाही.

ब्राह्मणपुरीच्या अलीकडे

शहादा तालुक्यात शिरलं की पपई आणि केळीच्या बागा सुरू होतात. पाटाचं पाणी, ट्रॅक्टर, सिमेंटची घरं. इथून उत्तरेला सातपुडा निळ्या भिंतीसारखा दिसतो. चार शाळा खाली झाल्या होत्या, पाचवी त्या भिंतीत होती, धडगावच्या बाजूला. मला तिथे जायचं होतं. आप्पांचा फोन आला.

"ताई, घाट खराब आहे. आम्ही डोंगरातली मुलं खालीच आणतो. एकत्र कार्यक्रम करू, बक्षीसही तिथेच."

ब्राह्मणपुरीच्या अलीकडे रस्त्यालगतच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम ठरला. मी पोचले तेव्हा संस्थेच्या खालच्या शाळेची मुलं खुर्च्यांवर होती, आणि डोंगरातून जीपमध्ये दाटीवाटीने आलेली मुलं मागे सतरंजीवर. त्यांना नाश्ता मिळाला नव्हता. मी आप्पांना सगळ्यांसमोर म्हटलं, "आधी यांना खाऊ द्या, मग गुरुत्वाकर्षण. रिकाम्या पोटी माझं कुणी ऐकत नाही." पोहे आले. आप्पांना ते आवडलं नाही.

डोंगरातल्या मुलांबरोबर वळवी सर होते. तरुण, कमी बोलणारे, बाही दुमडलेली. ते मुलांशी पावरीत, त्यांच्या घरच्या बोलीत, बोलत, कारण मराठी ही त्या मुलांची शाळेतली भाषा आहे.

मी सगळ्यांना अंगणात नेलं. गुरुत्वाकर्षण विश्वात काय काय करतं ते सांगायला लागले. सगळ्या बाजूंनी मधे ओढतं, म्हणून पृथ्वी गोल. वायूचा ढग दाबत दाबत इतका तापवतं की तो पेटून तारा होतो. सूर्याला, चंद्राला, आपल्या सगळ्या आकाशगंगेला एकत्र बांधून ठेवतं. आणि आकाशगंगेच्या कडेचे तारे इतके जोरात पळतात, की नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने ते धरून ठेवता आले नसते. म्हणजे तिथे आणखी काहीतरी आहे. दिसत नाही, पण ओढतं.

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. रवीना पावरा. वेण्या घट्ट, आवाज बारीक.

"बाई, ओढणारं दिसतच नाही, तर ते केवढं आहे हे कसं कळतं?"

"तूच सांग. शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवतेस ना?"

तिने डोक्यावर हात गोफणीसारखा फिरवून पाहिला. खुर्च्यांवरची मुलं हसायला लागली. मग ती म्हणाली, "गोफण फिरवणारा भिंतीमागे लपला, तरी वर दगड दिसतो. दगड कसा पळतो ते बघून सांगता येईल, माझा लहान भाऊ फिरवतोय का बाप."

खगोलशास्त्रज्ञ हेच करतात. न दिसणाऱ्याचं वजन फिरणाऱ्याच्या वेगावरून काढतात. मी तिथल्या तिथे निकाल सांगितला. वळवी सरांनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरले होते.

मग स्टेज. हार, नारळ, फोटो. कार्डबोर्डचं मोठं खोकं, वर दुर्बिणीचं चित्र, कडांना चिकटपट्टी आणि संस्थेचा शिक्का. मी ते उचलून रवीनाच्या हातात दिलं. उचलताना हाताने तोललं, सवयीने. वजन बरोबर होतं. मी माइकवर म्हणाले, "ही आता तुमची." वळवी सरांनी पावतीवर सही केली. टाळ्या.

आठवड्याभर मी मुलांना सांगत होते की वजन म्हणजे नुसती ओढ, ती आत काय आहे हे सांगत नाही. आणि माझ्या हमालाच्या हाताने तेवढ्यावरच माल पास केला.

घाट

"दुर्बीण बसवून द्यायला मी वर जाते," असं म्हटल्यावर आप्पा चपापले. "तुम्ही कशाला, ताई? वळवी सर बघतील. तुमचा टेंपो चढणार नाही."

"माझा टेंपो कुठे चढतो ते मला माहीत आहे."

"मग निदान सील तोडू नका. तपासणीला साहेब येतील तेव्हा त्यांच्या हस्ते उघडायचं, असा नियम आहे."

दुसऱ्या दिवशी मी निघाले. मुलं जीपमध्ये, वळवी सर माझ्या शेजारी आणि रवीना मागे टेंपोत खोक्याला दोन्ही हातांनी धरून. म्हसावद मागे पडलं आणि चढ लागला. सागाची पानं गळायला लागली होती. वळणावळणावर दरी दिसायची. एका वळणावर समोरून लाकडांनी भरलेला ट्रॅक्टर आला, आणि मी मागे घेताना टेंपोचं चाक कडेच्या खडीवर घसरलं. दगड खाली गेले, बराच वेळ आवाज येत राहिला. मागून रवीना ओरडली, "बाई, खोकं धरलंय!" तिला स्वतःची भीती नव्हती, दुर्बिणीची होती.

चाक सुटल्यावर वळवी सर बोलायला लागले. "ताई, आमच्याकडे बक्षीस आलेलं खोकं उघडत नाहीत. मागे एक सूक्ष्मदर्शक आला होता. मुख्याध्यापकांच्या कपाटावर ठेवला, वर कुंकू लावलं. तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही. फुटलं तर भरपाई आमच्या अंगावर."

"उघडला का पुढे?"

"बदल्या झाल्या. तो अजून वरच आहे."

हे ऐकून मला पहिली शंका आली. संस्थेला ही रीत माहीत होती. मी गिअर बदलला आणि चढ चढत राहिले.

शाळा एका टेकडीच्या कुशीत आहे. कौलारू वर्ग, पुढे मोठं मैदान, मैदानाच्या कडेला मोहाची झाडं. मुलांनी मला मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि लसणाची लाल चटणी वाढली. रवीना मोहाखाली घेऊन गेली. तिने सांगितलं, चैत्रात याची फुलं कुणी तोडत नाही, ती आपोआप पडतात आणि पहाटे सगळं घर वेचायला बाहेर पडतं.

"बाई, फूल पडायच्या आधी पिकावं लागतं. मग चंद्र अजून पिकला नाही का?"

ती चेष्टा करत होती. मला इतकं बरं वाटलं की संध्याकाळी मी कुठल्याही शंकेचा विचार केला नाही.

सकाळची प्रार्थना

पौर्णिमा होऊन काही दिवस झाले होते, म्हणून सकाळी चंद्र पश्चिमेला डोंगरावर फिकट दिसत होता. प्रार्थना संपल्यावर मी म्हटलं, "आज दिवसाउजेडी चंद्र बघायचा. खोकं आणा."

वळवी सर हलले नाहीत. "ताई, सील."

"सर, ही वस्तू मुलांची आहे."

"सही माझी आहे."

मुलं रांगेत उभी, चंद्र खाली सरकत चाललेला. मग वळवी सरांनी स्वतःच खिशातून किल्ली काढली आणि तिच्या टोकाने चिकटपट्टी कापली.

वर थर्माकोल होता. त्याखाली वर्तमानपत्रं. त्याखाली विटा. कच्च्या नाहीत, चांगल्या भाजलेल्या, आणि हलू नयेत म्हणून मधे चिंध्या कोंबलेल्या.

एका लहान मुलाने वीट उचलून तिच्याखाली दुर्बीण आहे का ते बघितलं. रवीना माझ्याकडे आली.

"बाई, तुम्ही उचललं होतं ना स्टेजवर?"

"हो."

"मग तुम्हाला माहीत होतं?"

माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी चोर म्हटलं तर मी हात उगारला आहे. त्या दिवशी माझा हात वर गेला नाही. मी एवढंच म्हणाले, "नाही." तिने मान हलवली. विश्वास ठेवला की नाही हे मला अजून माहीत नाही.

वळवी सर ओट्यावर बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "दुर्बीण मिळाली असं मी लिहून दिलं आहे," ते हळूच म्हणाले. "आता ते म्हणतील, वर गेल्यावर गायब झाली."

तोवर मला फक्त फसवणूक दिसत होती. डाव किती लांबचा आहे ते तेव्हा कळलं. खोकं कपाटावर राहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. आणि उघडलं, तर दोष या माणसाचा.

मी टेंपोतून चादर काढली, कड्यावर ताणली, आणि मधोमध खोक्यातली एक वीट ठेवली. कापड चांगलंच दबलं. मुलांनी गोट्या सोडल्या. तास पूर्ण झाला. मला वर्ग सोडून जाता येईना, आणि रागाने बोलताही येईना, म्हणून मी शिकवलं.

पुन्हा खाली

एक वीट सोबत घेऊन मी घाट उतरले. आप्पांच्या कार्यालयात गेले तर तिथे खुर्चीमागच्या काचेच्या कपाटात दुर्बीण उभी होती, तिवईसकट. तिवईच्या स्क्रूला तांब्याची तार. माझी.

मी वीट टेबलावर ठेवली. "ही तुमची. ती आमची."

"ही दुसरी आहे, ताई."

"माझी तार दुसऱ्या दुर्बिणीवर कशी चढली?"

आप्पा मागे रेलून बसले. आता मराठी तितकी शुद्ध राहिली नव्हती. "ताई, आमनी खाले एक चांगली शाळा शे. पाहुणा येतस, देणगीदार येतस, त्यास्ले दाखाडाले लागस. तिकडे डोंगरात धूळ, माकडं. कोन वापरणार? फोटो गया, काम व्हयनं. तुम्ही कसाले तापी ऱ्हायन्यात?"

"सौदा झाला होता."

"कसला सौदा? कागद शे का? बाईमाणसाचा हात रुमालाखाली होता, असं सांगाल तर सगळा बाजार हसेल." मग ते हसणं थांबवून म्हणाले, "आणि सही वळवीची आहे. वर जाऊन वस्तू कुठे गेली, ते त्याला विचारा."

माझा आवाज चढला. माझ्या तोंडून काय काय निघालं ते इथे छापण्यासारखं नाही. दोन शिपाई दारात आले. मी वीट तिथेच ठेवून सारंगखेड्याला गेले.

बाजार उठत आला होता. दावणी सुटल्या होत्या, तापीच्या वाळूत नुसते खुरांचे ठसे. रज्जाकचाचा आपलं घोडं ट्रकमध्ये चढवत होते. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ घोड्याची मान थोपटत राहिले.

"बेटी, मैंने रुमाल डाला था। हात तुम्हारा था, ये मैं बोलूंगा। जिधर बोलो उधर."

ट्रक सोडून ते माझ्या टेंपोत बसले. पण कार्यालयात आप्पा भेटले नाहीत. बाहेर बाकावर संध्याकाळपर्यंत बसलो. शेवटी शिपाई बाहेर येऊन म्हणाला, "आप्पांनी निरोप दिला शे, चाचा, तुमना धंदा घोडासना शे, घोडाच इका."

चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला, घडी केली आणि खिशात ठेवला. परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले, "अब वो सारंगखेडा के बाजार में किसी से हात नहीं मिला सकेगा."

मी सांगलीला आले. वळवी सरांचा फोन आला तो इथेच. संस्थेने त्यांच्याकडे दुर्बिणीबद्दल खुलासा मागितला आहे.

म्हणून हे लिहिते आहे. आप्पा, तुमचं नाव मी इथे घेतलेलं नाही. पण तुम्ही हे वाचाल, आणि तुमच्या ओळखीचे वाचतील. मला तुमच्याकडून काही नको. माझ्याशी भांडायचं असेल तर नंतर भांडा, मी कुठे पळून जात नाही. आधी काचेच्या कपाटातली दुर्बीण काढा, वळवी सरांच्या अंगावर टाकलेलं किटाळ तुमच्या सहीने मागे घ्या, आणि स्वतः घाट चढा. सकाळी चंद्र डोंगरावर असताना पोचा. नववीचा वर्ग मैदानात असेल. भिंतीमागे कुणी लपलं तरी कोण फिरवतंय ते दगडावरून ओळखणारी एक मुलगी पहिल्या रांगेत उभी असेल. खोक्यात विटा कुणी भरल्या, हे ती तुम्हाला विचारणार आहे. मला विचारलं होतं तसंच, डोळ्यांत बघून.

तिला उत्तर द्या.